वाचकांचे प्रश्न : कारखान्यातलं अग्निसुरक्षा पोस्टर

४ ते १० मार्च राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह असतो आणि १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह. या काळात कारखान्यांत पोस्टर स्पर्धा घेण्याची पद्धत आहे. बडोद्यातल्या वाचकांनी त्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून उत्तरं देत आहोत.

आमच्या कंपनीत कामगार आणि कुटुंबीयांसाठी ‘कामाच्या जागी अग्निसुरक्षा’ या विषयावर स्पर्धा आहे. चित्रकला बरी आहे, पण कल्पना सुचत नाही. जळती इमारत आणि पाणी मारणारे जवान काढावेत का?
*– एक वाचक, मकरपुरा*

नका काढू. जळती इमारत पाहून माणूस दचकतो, पण आपण नेमकं काय करायचं ते त्याला कळत नाही. पोस्टर एका माणसाला एक काम सांगणारं हवं. आधी तुमच्या विभागात चक्कर मारा आणि आग कुठून लागू शकेल ते बघा. विषय तिथेच सापडेल.

फॅब्रिकेशनमध्ये असाल तर वेल्डिंग घ्या. ठिणग्या सपाट जमिनीवरही ११ मीटरपर्यंत उडतात, आणि जाळीतून किंवा केबलच्या भोकातून खालच्या मजल्यावर पडतात. पुठ्ठा, चिंध्या, थर्मोकोल यांत त्या आत धुमसत राहतात आणि सगळे जेवायला गेल्यावर पेट घेतात. म्हणून हॉट वर्क परमिटमध्ये, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या लेखी परवानगीत, काम संपल्यावरचा पहाराही धरलेला असतो. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी २७ जणांचा जीव गेला, तिथेही सुरुवात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी झाली होती. बंद केलेलं वेल्डिंग मशीन, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा असलेला माणूस, भिंतीवर घड्याळ आणि खाली ‘काम संपलं. आता एक तास इथेच थांबा.’ एवढं चित्र पुरेसं आहे.

पेंट शॉप किंवा केमिकल प्लांटमध्ये असाल तर ड्रममधून सॉल्व्हंट ओतण्याचा क्षण काढा. वाहत्या द्रवात स्थिर वीज साठते आणि एका ठिणगीने वाफ पेटते. ड्रम आणि धातूची बादली तारेने जोडलेली हवी, आणि ड्रमला अर्थिंग हवं. प्लॅस्टिकच्या बादलीला तार लावून काही होत नाही, त्यातली वीज उतरतच नाही. हे फार थोड्या पोस्टरांवर दिसतं, म्हणून आवर्जून सुचवतो.

ऑफिसवाल्यांसाठी एका मल्टिप्लगला जोडलेली किटली, हीटर आणि प्रिंटर हा विषय जुना असला तरी अजून खरा आहे.

मुलीने फायर एक्स्टिंग्विशर वापरण्याच्या पायऱ्या काढल्या आहेत. ‘एबीसी’मधला ‘सी’ म्हणजे करंट, असं तिने लिहिलं आहे. बरोबर आहे ना?
*– एक वाचक, दांडिया बाजार*

बरोबर नाही, आणि ही चूक सगळीकडे दिसते. अमेरिकन पद्धतीत ‘सी’ म्हणजे विजेची आग. इंटरनेटवरचे तक्ते बहुधा तिकडचे असतात. आपल्याकडे ‘ए’ म्हणजे लाकूड, कागद, कापड यांची आग. ‘बी’ म्हणजे पेटणारे द्रव. ‘सी’ म्हणजे गॅस. ‘डी’ म्हणजे धातू. विजेच्या आगीला आपल्याकडे वेगळं अक्षर नाही. आधी मेन स्विच बंद करायचा, मग कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पावडर मारायची. पाणी नाही.

पायऱ्या चार : पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, मूठ दाबा, डावीकडून उजवीकडे आणि परत असं फिरवत राहा. चित्रात हमखास होणाऱ्या चुका तपासून घ्या. नळीचा रोख ज्वाळांच्या शेंड्याकडे नको. माणूस आग आणि दरवाजा यांच्या मधे हवा, म्हणजे दरवाजा त्याच्या पाठीशी राहील. आगीपासून अंतर दोन-तीन मीटर दाखवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काळा भोंगा असतो, पण दाबाचा काटा नसतो; काटा पावडरवाल्याला असतो. तो भोंगा उघड्या हाताने धरलेला तर मुळीच काढू नका. बाहेर पडणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत थंड होतो, हाताची कातडी जळते.

सहा किलोचा पावडर सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. पोस्टरवर हे एक वाक्य टाकलंत, तर आग किती लहान असताना हात घालायचा आणि कधी पळायचं ते वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

पोस्टर मराठीत करावं की गुजरातीत?
*– एक वाचक, वाघोडिया रोड*

जो वाचणार त्याच्या भाषेत. आपल्या कारखान्यांत गुजराती, हिंदी दोन्ही लागतात; घोषवाक्य दोन्ही भाषांत द्या, पण तिसरी भाषा घालून गर्दी करू नका. आपल्या मंडळाच्या सभागृहासाठी असेल तर बिनधास्त मराठी. १०१ आणि ११२ हे आकडे मात्र मोठे हवेत, आणि कंपनीच्या अंतर्गत आपत्कालीन नंबरासाठी रिकामी चौकट ठेवा.

संगणकावर छान दिसलेलं पोस्टर छापून आल्यावर फिकट झालं, आणि वेलांट्या सरकल्या. काय चुकलं?
*– एक वाचक, रावपुरा*

दोन वेगळ्या चुका आहेत. स्क्रीन आरजीबीत (लाल, हिरवा, निळा प्रकाश) दाखवते आणि छपाई सीएमवायकेत (निळसर, मॅजेंटा, पिवळी, काळी शाई) होते. भडक लाल आणि पोपटी तिथे मरतात. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेत करा. ठसठशीत लालसाठी मॅजेंटा १०० आणि पिवळा १०० ठेवा. मजकुराचा काळा फक्त ‘के’ (काळी शाई) १००. ए-३ साठी ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात, आणि कापण्यासाठी चारी बाजूंना ३ मिमी जास्त.

वेलांट्यांचं कारण फॉन्ट. जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट प्रेसच्या संगणकावर नसतील तर अक्षरं बिघडतात. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपीची मांडणी चालू नसेल तर जोडाक्षरं फुटून हलन्त वेगळे दिसतात. मजकूर पक्का झाला की त्याचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, आणि मगच पीडीएफ पाठवा. मूळ फाइल जपून ठेवा, कारण कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही.

अक्षरांच्या मापाचा ठोकताळा असा : दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच. हे माप शिरोरेषेपासून ‘क’च्या तळापर्यंत धरा, मात्रा-उकार सोडून. ए-३ कागद ११.७ इंच रुंद, त्यात दीड इंची अक्षरं एका ओळीत सातच्या आसपास बसतात. म्हणून घोषवाक्य चार-पाच शब्दांचं करा. दोन ओळींत अंतर मोकळं सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो.

रंगांना ठरलेला अर्थ असतो. लाल चौकोन म्हणजे आग विझवण्याचं साधन, हिरवा म्हणजे बाहेर पडण्याची वाट, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, निळं वर्तुळ म्हणजे पाळायलाच हवी अशी सूचना. विषय आगीचा म्हणून बाहेर जाण्याचा बाण लाल रंगवणारे पुष्कळ दिसतात. धुरात अडकलेल्या माणसाची नजर हिरवं शोधत असते.

परीक्षणाचं काम अंगावर आलं आहे. गुण कसे द्यावेत?
*– एक वाचक, मांडवी*

अचूकपणाला ४०, एका नजरेत कळण्याला ३०, चित्राला २०, भाषेला १०. तांत्रिक चूक असलेलं पोस्टर कितीही देखणं असलं तरी बक्षिसातून बाद करा. तेच उद्या शॉप फ्लोअरवर लागणार आहे. सेफ्टी ऑफिसरला पॅनेलवर घ्या. मुलांचा गट वेगळा ठेवा. एखाद्या कामगाराला दहा फुटांवरून पाच सेकंद पोस्टर दाखवा, झाका आणि विचारा : ‘काय करायला सांगितलंय?’ उत्तर आलं नाही तर दुसऱ्या नंबरच्या पोस्टरकडे वळा.

निवडलेलं पोस्टर मॅट लॅमिनेशनमध्ये करून घ्या. चकचकीतवर ट्यूबलाइट पडली की मजकूर दिसत नाही. लावताना ते बाहेर पडण्याच्या दारावर, होजबॉक्सच्या (आगीच्या पाण्याच्या नळीच्या पेटीच्या) काचेवर किंवा विजेच्या पॅनेलच्या झाकणावर नको. वेल्डिंगचं पोस्टर वेल्डिंग बेजवळ आणि सॉल्व्हंटचं ड्रमशेजारच्या भिंतीवर, साधारण पाच फुटांवर लावा.