पुरण पुन्हा गरम केलं, तरी तीन तासांत घरभर उलट्या कशा?

तुम्ही लिहिलंय, धुळ्यात लग्नघरी रात्री वाटलेलं पुरण तसंच बाहेर राहिलं, सकाळी गरम करून खापरावर मांडे केले. बहुतेक हा स्टॅफिलोकोकसचा प्रकार. हा जंतू अनेकांच्या नाकात, कातडीवर असतोच. पुरण वाटणाऱ्या बाईच्या बोटाला चिरलेली, पिकलेली जखम असेल तर थेट पुरणात उतरतो. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या रात्री गरमच, त्यात तो वाढतो आणि विष सोडतो. गरम केल्यावर जंतू मरतो, विष मरत नाही. खरी मेख इथेच आहे. वासही बदलत नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

त्रास अर्ध्या तासापासून आठ तासांत सुरू होतो, बहुधा दिवसभरात उतरतो. ओआरएस घोटघोट द्या. अँटिबायोटिक इथे कामाचं नाही. लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं, ताप चढला किंवा रुग्ण लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर लगेच डॉक्टरकडे न्या.

पुढच्या वेळी पुरण पसरट ताटांत निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. कडक उन्हाळ्यात तासाभरातच. आणि बोटाला पू असलेल्या मावशींना, वाईट वाटलं तरी, त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावू देऊ नका.