अंगठा ठणकतो, पोळ्या कोण लाटणार?

प्रश्न : वय 61. घरात सहा माणसं. रोज पंचवीसेक पोळ्या आणि दिवसाआड एक नारळ विळीवर खवणं, हे माझंच काम. वर्षभर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं. एक्स-रेत सांध्याची झीज दिसली. डॉक्टर म्हणाले, हाताला आराम द्या. म्हणजे नेमकं काय करू? परवा दुधाचं पातेलं सांडशीतून निसटलं, तेव्हापासून सून ओट्याजवळ फिरकू देत नाही. त्याचंच जास्त लागतं.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, ओटा सोडू नका. सांडशी सोडा.

अंगठा आणि बोटाच्या चिमटीत 1 किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे 12 किलोचा भार पडतो. आता तुमचं पातेलं बघा. दोन लिटर दूध म्हणजे दोन किलो, वर पातेल्याचं वजन, आणि ते सगळं एका हाताने, अंगापासून लांब धरलेलं. निसटलं नसतं तरच नवल! दूध दोन कानांच्या पातेल्यात तापवा. गॅस बंद केल्यावर जाड फडक्यांनी दोन्ही कान धरून उचला. त्याहून बरं म्हणजे उचलूच नका, डावाने लहान भांड्यात काढून घ्या. माझ्या आईच्या सांडशीला मी सुतळीने बांधून खिळ्याला टांगलं होतं. आई चार दिवस रुसली होती.

कणकेचं दुखणं बरंचसं घाईचं असतं. कोमट पाण्यात जरा सैलसर भिजवा, झाकून वीस मिनिटं विसरून जा. कणीक आपणहून मऊ होते, तिंबणं निम्म्यावर येतं. मळताना बोटं आणि अंगठा खुपसू नका. तळव्याच्या टाचेने, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार टाका. ओटा उंच पडत असेल तर परात खालच्या टेबलावर घ्या. लाटणं मुठीत आवळू नका, तळव्यांखाली फिरू द्या. आणि पंचवीस पोळ्या एका दमात कशाला? दहा झाल्या की हात मोकळे करा.

नारळाबद्दल मी कोकणातल्या बाईशी वाद घालणार नाही. विळीवरच्या खोबऱ्याची चव वेगळी, मान्य. पण कवड दाबून धरताना दोन्ही अंगठ्यांचा जीव जातो, आणि खाली बसल्याने गुडघ्यांचाही. रोजच्या आमटी-भाजीला कवडी रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून जरा वेळ ठेवल्या की खोबरं करवंटीपासून सुटतं, ते मिक्सरला लावा. विळी मोदकांपुरती ठेवा. ओट्याला चिकटणारी, दांडा फिरवायची खवणीही मिळते, पण दांडा जाडजूड बघून घ्या.

कपडे पिळू नका. चादर नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं एकत्र ओढा, नाहीतर निथळत ठेवा. पिशवी बोटांत लटकवण्याऐवजी कोपरात अडकवा. बरण्यांची झाकणं मुलाने उघडून द्यावीत, तेवढं त्याला जमतं.

काम जास्त झालं की नाही हे कसं ओळखायचं? काम संपल्यावर दोन तासांनंतरही ठणका राहिला, तर उद्या तेवढंच काम दोन भागांत करा. कामाच्या वेळी अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट लागेल का, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं त्रास न होता कशी करायची हे शिकवणाऱ्या तज्ज्ञाला) हात दाखवून ठरवा. बाजारातून अंदाजाने उचलू नका, मापात नसला तर उलट रुततो.

सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील, पेरांना सूज आणि ऊब जाणवत असेल, तर ही नुसती झीज नसावी. मग घरचे उपाय करत बसू नका, संधिवाताच्या तज्ज्ञांना लवकर दाखवा.

सुनेला हे उत्तर वाचायला द्या. दुधाचं पातेलं तिने उतरवावं, पोळ्या तुम्ही लाटा.