२०१९ च्या एनआरएल (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग) फायनलमध्ये पंचांनी 'पुन्हा सहा'ची, म्हणजे सहा टॅकलची मोजणी नव्यानं सुरू, अशी खूण करून ती फिरवली. कॅनबेरा रेडर्सवर अन्याय झाला का?

झाला. नियम काय म्हणतो ते नंतर.

या खेळात चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) मिळतात, मग चेंडू दुसऱ्याकडं. ८-८ बरोबरी, शेवटची काही मिनिटं, शेवटचा टॅकल. पंच बेन कमिन्सनी हात फिरवून 'पुन्हा सहा' दाखवलं. म्हणूनच रेडर्सचा जॅक वायटन किकच्या फंदात न पडता चेंडू घेऊन निवांत टॅकल झाला. नव्यानं मोजणी सुरू म्हटल्यावर घाई कोण करतंय? तेवढ्यात निर्णय फिरला, चेंडू समोरच्या सिडनी रुस्टर्सकडं, लगेच त्यांच्या टेडेस्कोचा ट्राय (चेंडू गोलरेषेपार टेकवून मिळवलेले गुण). १४-८. रेडर्सना १९९४ नंतर पहिल्यांदा फायनल मिळालेली. वायटनला क्लाइव्ह चर्चिल पदक (फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं) दिलं, ते काय चाटायचं?

एवढं तावातावानं लिहितोय कारण हे आम्ही भोगलंय. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, शेजारच्या पेठेतल्या तालमीच्या संघाशी फुटबॉलची मॅच, गॅलरी फुल्ल. मी स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. त्यांचा विंगर मागनं सुटला आणि माझ्या बाजूच्या लाइनमनचा ऑफसाइडचा झेंडा वर. अर्धवट नव्हे, कोपर ताठ करून. मी हात वर करून थांबलो. आमचा गोलकीपर फ्री किकसाठी पुढं आला. झेंडा गपकन खाली, मुख्य पंचांनी 'खेळा' म्हणून दोन्ही हात पुढं केले आणि त्या गड्यानं मोकळ्या गोलात चेंडू ढकलला. मग गॅलरीतनं बाटल्या सुरू.

आमचे थोरले बंधू, तेही खेळलेले, अजून जेवताना ऐकवतात, "शिट्टी वाजल्याबिगर थांबायचंच न्हाई." दादा, मग लाइनमनला झेंडा कशाला देत्यात? वाळत घालायला?

असो. चुकीची खूण गेली तर पंचानं खेळ तिथंच थांबवावा, दोन्ही संघांना सांगावं आणि मग पुढं जावं. खेळाडू खुणेवर विसंबला की त्याची शिक्षा दुसऱ्याच्या ट्रायनं व्हायला नको.

आता रीतसर सांगायचं तर शेवटी दिलेला निर्णय बरोबर, खूण चुकली, असं लीगनंच नंतर सांगितलं. आणि फुटबॉलात झेंडा हा नुसता सल्ला, खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंच निर्णय बदलू शकतो, हे मलाही पाठ आहे. पण सिडनीतल्या त्या फायनलमध्ये खूण खुद्द मुख्य पंचाची होती. आणि दादा, 'पुन्हा सहा'ला शिट्टी वाजतच नाही. वायटननं कशाची वाट बघायची होती, तेवढं सांगा.