तळ्याकाठचे घर घेण्याआधी धरणाचा हिशोब

आपल्या पत्रातील माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ कळेल. जॉर्जिया राज्यातील अटलांटाच्या उत्तरेकडे ३८ घरांच्या एका वसाहतीत तळ्याकाठचे घर आपणा उभयतांना पसंत पडले आहे. किंमत ६ लाख ८५ हजार डॉलर आहे. वीस टक्के डाऊन पेमेंट भरल्यावर आपल्याजवळ ५२ हजार डॉलर शिल्लक राहतील आणि कर्जाचा हप्ता जाऊन दरमहा साधारण ७०० डॉलर हाती उरतील. मुलीचे कॉलेज चार वर्षांवर आले आहे. तळे १९७२ साली बांधलेल्या, २८ फूट उंचीच्या मातीच्या धरणामुळे झालेले आहे, धरणाची मालकी वसाहतीतील घरमालकांच्या असोसिएशनकडे आहे आणि तिच्या राखीव निधीत ६४ हजार डॉलर आहेत. धरणाच्या खालच्या अंगाला नवी घरे झाल्यामुळे त्याची वर्गवारी पुन्हा तपासली जाईल, असे राज्याचे पत्र असोसिएशनला गेल्या वर्षी आले. विक्रेत्याचे म्हणणे असे, की पन्नास वर्षांत काही झाले नाही, पुढेही होणार नाही.

घर आपल्याला परवडते. धरणाचा अडतिसावा हिस्सा मात्र, आज हाती असलेल्या माहितीवर, घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण महाराष्ट्रात वाढलो, तिथे धरण म्हटले की पाटबंधारे खाते डोळ्यांसमोर येते. १९६१ चे पानशेत असो वा २०१९ चे चिपळूण तालुक्यातील तिवरे, जाब विचारायचा तो सरकारला. अमेरिकेत नोंदलेल्या नव्वद हजारांहून अधिक धरणांपैकी निम्म्याहून जास्त खासगी मालकीची आहेत, आणि नौकाविहार व मासेमारीसाठी राखलेल्या लहान धरणांचे मालक बहुधा आपल्यासारखी काही कुटुंबेच असतात. तपासणी, दुरुस्ती, विमा आणि दुर्घटना झालीच तर तिची जबाबदारी, हे सारे मालकाच्या माथी येते.

जॉर्जियात हा विषय विशेष गंभीर आहे. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, जोरदार पावसात, टोकोआ गावाजवळचे केली बार्न्स धरण फुटले आणि खालच्या बायबल कॉलेजच्या परिसरात झोपलेली ३९ माणसे गेली. एके काळी त्या पाण्यावर वीज तयार होत असे. १९५७ मध्ये ती बंद झाल्यावर तळे केवळ विरंगुळ्यापुरते उरले होते. दुसऱ्याच वर्षी राज्याने सेफ डॅम्स कायदा केला. त्या कायद्यानुसार, फुटल्यास जीवितहानी संभवते असे धरण पहिल्या वर्गात येते आणि त्याला परवाना व कडक निकष लागू होतात. बाकीची दुसऱ्या वर्गात राहतात आणि त्यांच्यावर फारसे बंधन नसते. आपल्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. धरणाची एक विटही न हलता, केवळ खाली कोणीतरी घरे बांधल्यामुळे, ते दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात जाऊ शकते, आणि मग संभाव्य महावृष्टीचा (म्हणजे त्या भागात पडू शकेल अशा जास्तीत जास्त पावसाचा) ठरावीक अंश सुरक्षितपणे वाहून नेईल इतका मोठा सांडवा करण्याचा खर्च, खाली घरे बांधणाऱ्या बिल्डरने नव्हे, तर धरणाच्या मालकांनी करायचा असतो.

वर्गवारी आणि स्थिती या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्यात. पहिला वर्ग म्हणजे धरण कमकुवत आहे असे नाही. फुटल्यास नुकसान किती, एवढेच तो सांगतो. स्थिती कळण्यासाठी मातीच्या धरणांचा अनुभव असलेला परवानाधारक अभियंता लागतो, घर तपासणारा होम इन्स्पेक्टर नव्हे. त्याला सर्वांत आधी धरणाच्या पोटातून जाणारा निचऱ्याचा पाइप कॅमेऱ्याने पाहायला सांगा. सत्तरच्या दशकात अशा ठिकाणी पन्हळी लोखंडी पाइप सर्रास घालत, आणि त्यांचे आयुष्य पन्नास वर्षांच्या आसपास संपत येते. गंजलेल्या पाइपाच्या भोकांतून भरावाची माती आत ओढली जाऊ लागली, की वरून हिरवेगार दिसणारे धरण आतून पोकळ होत जाते. भरावावर वाढलेली मोठी झाडे सावलीसाठी सुखद वाटली, तरी त्यांची मुळे कुजल्यावर पाण्याला वाट मिळते. पायथ्याशी पाझर असेल, तर पाणी स्वच्छ आहे की गढूळ हे विचारा. गढूळ पाझर म्हणजे माती वाहून जात आहे. तळे रिकामे करण्याची झडप शेवटची कधी फिरवली, हेही विचारावे. ‘काही झाले नाही’ या वाक्यात यातल्या एकाही गोष्टीचे उत्तर नाही.

आता आकडे. अभियंत्याचा अंदाज हाती नसल्यामुळे, पाइप बदलणे आणि सांडवा वाढवणे मिळून १२ लाख डॉलर खर्च येईल असे केवळ उदाहरणादाखल धरू. राखीव निधी वजा जाता ११ लाख ३६ हजार उरतात, म्हणजे दर घरामागे सुमारे ३० हजार. सहा कुटुंबांनी पैसे दिले नाहीत, तर उरलेल्या ३२ घरांवर प्रत्येकी साडेपस्तीस हजार पडतील, कारण काम थांबवता येत नाही. सर्व ३८ घरे वाटा देतील असे धरून असोसिएशनने ११ लाख ३६ हजारांची रक्कम आठ टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर आपला वाटा दरमहा साधारण २८६ डॉलर होतो, म्हणजे आपल्या ७०० डॉलरच्या शिलकेतील चाळीस टक्के. एकरकमी मागितले, तर मुलीच्या कॉलेजच्या तोंडावर निम्म्याहून जास्त गंगाजळी जाईल. कोणतीही अवास्तव शक्यता न धरता काढलेले हे आकडे आहेत. मिशिगनमध्ये मे २०२० मध्ये ईडनव्हिल धरण फुटल्यावर सुमारे दहा हजार लोकांना घरे सोडावी लागली. तिथली तळी पुन्हा उभी करण्यासाठी मालमत्ताधारकांवर पुढे वीस कोटी डॉलरहून अधिक विशेष आकारणी (म्हणजे नेहमीच्या वर्गणी-करांपलीकडची खास वसुली) मंजूर झाली.

विम्याचा आधार इथे तोकडा आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. असोसिएशनच्या विशेष आकारणीसाठी मिळणारे संरक्षण विम्यात समाविष्ट अशा अपघातापुरते असते; जीर्ण झालेल्या पाइपाची दुरुस्ती त्यात बसत नाही. असोसिएशनच्या दायित्व विम्यातून धरणफुटी वगळली आहे का, हे पॉलिसीची पूर्ण प्रत मागवून वाचून घ्या, कारण वगळलेली असेल तर खालच्या घरांचे नुकसानही शेवटी आकारणीच्या रूपाने ३८ दारांशी येऊ शकते.

दुरुस्ती टाळून धरण मोडून टाकावे, असाही मतप्रवाह अशा वसाहतींत असतो. जीविताच्या दृष्टीने तो मार्ग सन्मान्य आहे. पण आपण ज्या तळ्यासाठी जास्तीची किंमत मोजत आहात ते तळेच मग उरणार नाही, आणि मोडण्यालाही पैसे लागतात.

म्हणून आपण असे करावे. जॉर्जियातील करारांत सहसा ड्यू डिलिजन्सची, म्हणजे खरेदीपूर्व चौकशीची, मुदत असते आणि तिच्या आत खरेदीदाराला माघार घेता येते. ती मुदत लेखी वाढवून घ्या. राज्याचे पत्र, मागील तपासण्यांचे अहवाल, असोसिएशनच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते आणि धरणाची जमीन नेमकी कोणाच्या नावावर आहे त्याचे दस्त मागवा. असोसिएशन १९९४ च्या प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन कायद्याखाली आहे का, हे वकिलाला विचारा, कारण तशी असल्यास थकीत आकारणीचा बोजा आपोआप घरावर चढतो. अभियंत्याच्या तपासणीचा खर्च विक्रेत्याबरोबर वाटून घेता आला तर उत्तम. न आला तरी तो आपण करावा. अहवाल चांगला निघाला, तरी किमतीतून किमान ३५ हजार कमी मागा आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात, धरणाच्या नावाने ठेवा. कागद द्यायला किंवा तपासणीला नकार मिळाला, तर त्याच दिवशी करारातून बाहेर पडा.

आणि सारे जुळून आपण ते घर घेतलेच, तर पहिल्याच वार्षिक सभेत वर्गणी वाढवण्याच्या बाजूने मत द्या. खालच्या घरांत राहणाऱ्यांना त्या सभेत मत नसते, आणि पावसाळी रात्री त्यांची झोप आपल्या भरवशावर असते.