शिंपल्यावरचं गोल भोक

(समुद्रातल्या अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या उत्क्रांतीवर आणि परिसंस्थांवर काम करणाऱ्या एका पुराजीवशास्त्रज्ञ या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मॅडम, किनाऱ्यावर गोळा केलेल्या बऱ्याच शिंपल्यांना अगदी गोल, नेटकं भोक असतं. ते लाटांनी झिजून पडतं का? आणि जीवाश्मांतही अशी भोकं सापडतात का?

लाटांनी झिजून पडलेलं भोक ओळखू येतं. ते बहुतेक वेळा शिंपल्याच्या सर्वांत फुगीर जागी, बिजागरीजवळच्या उंचवट्यावर पडतं. त्याची कड वेडीवाकडी असते आणि आजूबाजूचा भागही घासून गुळगुळीत झालेला असतो. बारीक बारीक पुष्कळ छिद्रं असतील तर ते शिंपला पोखरणाऱ्या स्पंजचं काम. पण भोक एकच असेल, गोल असेल, बाहेरून सरळ आत गेलेलं आणि आत निमुळतं होत गेलेलं असेल, तर तुमच्या हातात एका शिकारीचा पुरावा आहे.

शिकारी म्हणजे समुद्रातली गोगलगाय. नॅटिसिड कुळातल्या गोगलगाई वाळूत दडून फिरतात. शिंपला सापडला की त्याला आपल्या रुंद, मांसल पायात गुंडाळून घेतात. मग एका ग्रंथीतून आम्लयुक्त स्राव सोडून कवच मऊ करायचं, दातेरी जिभेने खरवडायचं, पुन्हा स्राव, पुन्हा खरवडणं. जाड कवच असलं तर हे तासन्‌तास चालतं. आरपार भोक पडलं की सोंड आत घालून मांस खायचं. नॅटिसिडच्या भोकाची कड आतल्या बाजूला उतरती असते. म्युरिसिड कुळातल्या गोगलगाईंनी पाडलेल्या भोकाच्या भिंती बहुधा सरळ उभ्या असतात. नॅटिसिडने अर्धवट सोडलेल्या भोकाच्या तळाशी मधोमध एक छोटा उंचवटा राहतो. भिंगाखाली असा उंचवटा दिसला की मला अजूनही फार आनंद होतो, कारण इथे हल्ला झाला होता आणि तो फसला होता, एवढी गोष्ट त्यातून सरळ कळते.

जीवाश्मांत ही भोकं भरपूर सापडतात. चीनमधल्या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या क्लाउडिना नावाच्या नळीसारख्या कवचांवर अशी छिद्रं सापडल्याचं १९९२ मध्ये जाहीर झालं. नॅटिसिड तेव्हा अस्तित्वातही नव्हते, म्हणजे कवच भोसकून खाणं त्यांच्या फार आधीपासून चालत आलेलं आहे. त्यांची स्वतःची भोकं क्रेटेशियस काळापासून (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी) पुढे ठळकपणे दिसू लागतात.

पुराजीवशास्त्रात कुणी कुणाला खाल्लं हे सांगणारा पुरावा फार दुर्मीळ. हाडांवरून मृत्यूचं कारण क्वचितच कळतं. भोक पडलेल्या शिंपल्यावर मात्र शिकारी कोणत्या गटातला, साधारण केवढा, त्याने जागा कुठली निवडली आणि तो जिंकला की हरला, हे सगळं उमटलेलं असतं. म्हणून आम्ही हजारोंनी शिंपले मोजतो. मोजताना एक काळजी घ्यावी लागते. शिंपल्याला दोन झडपा, म्हणजे कवचाचे दोन भाग, असतात आणि शिकाऱ्याला भोक एकाच झडपेत पाडावं लागतं. समजा, सुट्या २०० झडपा मिळाल्या आणि २० झडपांना भोक आहे. तर शिकार झालेल्यांचं प्रमाण १० टक्के नाही, २० टक्के. कारण २०० झडपा म्हणजे प्राणी १००च.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला दिसत नाही. शंखशिंपल्यांचं तिला वेड आहे आणि पुढे हेच शिकायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, हा विषय डोळ्यांचा आहे. तुम्ही काय सांगाल?

ताई, तिला गेरात व्हर्मे यांच्याबद्दल आजच सांगा. त्यांचा जन्म १९४६ मध्ये नेदरलँड्समध्ये झाला आणि तीन वर्षांचे असताना त्यांची दृष्टी गेली. कुटुंब अमेरिकेत आल्यावर शाळेतल्या शिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख त्यांच्या हाती लागले. आपल्या ओळखीच्या, थंड समुद्रातल्या खडबडीत, ओबडधोबड शिंपल्यांपेक्षा हे शंख इतके वेगळे, इतके नक्षीदार का, हा प्रश्न त्या मुलाला बोटांनी पडला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत त्यांनी अनेक वर्षं संशोधन आणि अध्यापन केलं. शंखांचा अभ्यास त्यांनी स्पर्शानेच केला.

आमच्या विषयात त्यांचा १९७७ चा निबंध आजही वाचला जातो. मध्यजीव महाकल्पात, म्हणजे डायनासोरांच्या युगात, खेकडे, मासे असे कवच फोडणारे शिकारी वाढत गेले आणि त्याबरोबर गोगलगाईंची कवचं बदलत गेली, हा त्यांचा मुद्दा. कवच जाड झालं, तोंड अरुंद झालं, गाठी आणि काटे आले. खेकड्याने तोंडाची कड फोडली आणि प्राणी वाचला, तर तो कवच पुन्हा जोडतो आणि तिथे एक वेडीवाकडी रेघ कायमची राहते. ही रेघ, तोंडाची जाडी, तोंडाच्या आतले दातांसारखे उंचवटे, सगळं बोटांना कळतं. घाईने पाहणाऱ्या डोळ्यांच्या नजरेतून असे व्रण बऱ्याचदा निसटतात.

नातेवाइकांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. मुलीला एकाच जातीचे वीस-पंचवीस शंख एकत्र द्या आणि त्यांच्यातले फरक तिलाच शोधू द्या. एकेका जातीचा एकच सुंदर नमुना जमवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. तिची निरीक्षणं ब्रेलमध्ये किंवा आवाजात नोंदवून ठेवा, तारीख आणि ठिकाण यांसह.

प्रश्न : एकाच थरात सापडलेले शिंपले एकाच वेळी जिवंत होते असं धरायचं का?

नाही. शिंपला मेल्यावर कवच तळावर पडून राहतं. लाटा, बिळं करणारे किडे आणि खेकडे ते खाली-वर करत राहतात. त्यामुळे मूठभर गाळात शेजारी-शेजारी असलेल्या दोन कवचांच्या वयात शेकडो, कधी हजारो वर्षांचं अंतर असू शकतं. एखाद्या वादळाची किंवा एका दिवसाची कहाणी शोधत असाल तर ही सरमिसळ अडचणीची आहे.

पण हीच सरमिसळ कधी कधी फार कामाला येते. मेक्सिकोत कोलोरॅडो नदीच्या मुखाशी शिंपल्यांचे अक्षरशः ढीग आहेत. विसाव्या शतकात नदीवर मोठी धरणं झाली आणि गोडं पाणी समुद्रापर्यंत पोहोचेनासं झालं. मिखाउ कोवालेव्हस्की आणि सहकाऱ्यांनी तिथली कवचं मोजली, त्यांतल्या काहींचं वय काढलं आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धरणांपूर्वी तिथे दर चौरस मीटरला सरासरी ५० च्या आसपास शिंपले राहत असावेत. त्यांनी पाहणी केली तेव्हा कवचधारी प्राणी जेमतेम ३ उरले होते. म्हणजे सुमारे ९४ टक्के घट. धरणांपूर्वी तिथले जिवंत शिंपले कुणी मोजून ठेवलेले नव्हते. मेलेल्या शिंपल्यांच्या त्या ढिगांखेरीज हा आकडा काढायला दुसरी जागाच नव्हती.