क्रेडिट स्वीसचा शेवटचा अहवाल वाचताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण मिळालं, सावकाश दोनदा वाचलं. क्रेडिट स्वीस या स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या बँकेच्या २०२२ च्या वार्षिक अहवालावरून केलेले तक्ते नीट आहेत, बेरजा जुळतात, मागच्या वर्षाशी तुलनाही बरोबर आहे. शेवटी तू प्रश्न लिहिलास : सीईटी-१, म्हणजे तोटा सोसायला बँकेकडे असलेल्या सर्वांत पक्क्या भांडवलाचं गुणोत्तर १४.१ टक्के, तरलता गुणोत्तर १४४ टक्के, दोन्ही नियमापेक्षा वर. मग अहवाल आल्यानंतर पाचव्या दिवशी ही बँक विकावी का लागली? कामाच्या पहिल्याच वर्षात हा प्रश्न तुला पडला याचं मला फार बरं वाटलं. उत्तर थोडं लांबेल, पण ऐक.

आधी तुझ्या टिपणात जे नाही त्याबद्दल. कारभाराचं प्रकरण आणि ऑडिटरचा अहवाल तू सोडून दिलास. त्यात आकडे कमी म्हणून सोडलास, असं सोबतच्या ओळीत लिहिलंयस. माझा सगळा आग्रह त्याच पानांसाठी आहे. ताळेबंदातला प्रत्येक आकडा कोणीतरी मोजलेला, कोणीतरी तपासलेला आणि कोणीतरी मंजूर केलेला असतो. ती माणसं कोण, त्यांना कोण विचारतं, त्यांनी कोणाचं ऐकलं, हे त्या "मजकुराच्या" पानांत असतं.

हा अहवाल ९ मार्च २०२३ ला यायचा होता. आदल्या संध्याकाळी अमेरिकेच्या एसईसीचा, म्हणजे तिथल्या शेअरबाजार नियामकाचा, बँकेला फोन आला. २०१९ आणि २०२० च्या रोखप्रवाह पत्रकांत बँकेने आधी केलेल्या दुरुस्त्यांबद्दल त्यांच्या शंका बाकी होत्या. अहवाल थांबला आणि १४ मार्चला बाहेर आला. त्यात व्यवस्थापनाने स्वतःच लिहून दिलं की आर्थिक अहवालांवरच्या अंतर्गत नियंत्रणात गंभीर उणिवा आहेत आणि ३१ डिसेंबर २०२२ ला ही नियंत्रणं परिणामकारक नव्हती. एवढ्यावर थांबले नाहीत, २०२१ च्या अखेरीसही ती परिणामकारक नव्हती असं म्हटलं. ऑडिटर पीडब्ल्यूसीने हिशोबपत्रकं वास्तव चित्र दाखवतात असा स्वच्छ शेरा दिला, पण अंतर्गत नियंत्रणावर प्रतिकूल मत दिलं.

हे दोन शेरे शेजारी शेजारी ठेवून वाच. या वर्षीचे आकडे आम्ही तपासले, ते ठीक आहेत. पण चूक झाली तर ती पकडण्याची या घरातली व्यवस्था भरवशाची नाही, असा त्याचा एकत्रित अर्थ. त्यातही मुख्य उणीव कोणती सांगितली? आपल्या हिशोबात मोठी चूक कुठे होऊ शकते हे ओळखण्याची प्रक्रियाच नीट आखलेली नव्हती. आपल्याकडे कंपनी कायद्याच्या १४३(३)(आय) कलमाखाली ऑडिटर जे मत देतो ते याच जातीचं. आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, ते परिशिष्ट म्हणून जोडताना आपण फारसा विचार करत नाही. कर.

आता तोट्याकडे. निव्वळ तोटा ७.२९ अब्ज स्विस फ्रँक. तू हा आकडा ठळक केलास, बरोबर आहे. २००८ नंतरचा तो सर्वांत मोठा तोटा. पण त्याच्या वरच्या ओळी बघ : करपूर्व तोटा ३.२६ अब्ज. मधला फरक मुख्यतः कराचा. तिसऱ्या तिमाहीत बँकेने सुमारे ३.६६ अब्जांची डिफर्ड टॅक्स मालमत्ता निर्लेखित केली. पुढे नफा होईल, त्यावरचा कर वाचेल, या भरवशावर ती ताळेबंदात उभी होती. नव्या योजनेप्रमाणे तेवढा नफा होणार नाही असं ठरलं आणि ती गेली. त्यात रोकड बाहेर जात नाही. म्हणजे ज्या आकड्याची सगळीकडे बातमी झाली त्याचा जवळजवळ निम्मा भाग व्यवस्थापनाचा स्वतःच्या भविष्याबद्दलचा बदललेला अंदाज होता. जिवावर बेतणारी गोष्ट नफातोटा पत्रकात नव्हतीच.

ती ठेवींत होती. २०२१ अखेर ग्राहकांच्या ठेवी सुमारे ३९३ अब्ज फ्रँक, २०२२ अखेर २३३ अब्ज. एका वर्षात दर पाच फ्रँकांमागे दोन गेले, आणि त्यातले बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ग्राहकांनी सांभाळायला दिलेल्या मालमत्तेतून शेवटच्या तिमाहीत निव्वळ ११०.५ अब्ज बाहेर गेले. अहवालात लिहिलंय की हा ओघ खूप कमी झाला आहे, पण अजून उलटलेला नाही. मार्चच्या मध्यावर असं वाक्य वाचणारा ठेवीदार काय करेल?

मग १४४ टक्के तरलता खोटी होती का? नाही. पण ती तिमाहीची सरासरी होती, आणि आधीच्या तिमाहीत ती १९२ होती. या गुणोत्तराची व्याख्या लक्षात घे : तीस दिवसांच्या ताणाच्या काळात किती पैसे जातील याचा नियमात धरलेला अंदाज, आणि तेवढे भागवायला हाताशी असलेली उत्तम रोखसुलभ मालमत्ता. क्रेडिट स्वीसचे मोठे ठेवीदार श्रीमंत कुटुंबं आणि संस्था होते. त्यांना एका फोनवर पैसे हलवता येतात. नियमातला अंदाज आणि त्यांची घाई यांचा मेळ बसला नाही. शिवाय संपूर्ण समूहाचं गुणोत्तर नियमात असलं तरी काही उपकंपन्यांच्या पातळीवर तरलता नियमापेक्षा कमी झाल्याचं बँकेने २७ ऑक्टोबर २०२२ लाच जाहीर केलं होतं. समूहाचा आकडा दिसला की लगेच विचारायचं : पैसा नेमका कोणत्या देशातल्या कोणत्या कंपनीत आहे, आणि अडचणीच्या दिवशी तो तिथून हलवता येतो का?

भांडवलाचंही तसंच. परदेशी उपकंपन्यांतल्या गुंतवणुकीचं मूल्य मांडताना मूळ बँकेला २०१७ मध्ये फिन्माने, म्हणजे स्विस नियामकाने, सवलत दिली होती. त्यामुळे मूळ बँकेची भांडवली स्थिती होती त्यापेक्षा बरी दिसली. डिसेंबर २०२४ मध्ये स्विस संसदेच्या चौकशी समितीने आपल्या अहवालात यावर कडक टीका केली. परदेशी उपकंपन्यांसाठी मूळ बँकेकडे पूर्ण भांडवल असावं, असा तिथल्या सरकारचा जून २०२५ चा प्रस्ताव याच जखमेतून आला. त्याचा भार आता क्रेडिट स्वीस विकत घेणाऱ्या यूबीएस या स्विस बँकेवर पडणार आहे, म्हणून तिथे एवढा वाद आहे.

पण विश्वास गेला कधी? त्यासाठी दोन वर्षं मागे जा. जुलै २०२१ मध्ये बँकेने आर्केगॉस प्रकरणावर पॉल, वाइस या वकील संस्थेचा अहवाल जाहीर केला. तो तू मुळातून वाचावास अशी माझी कळकळीची इच्छा आहे. बँकेत काम करणाऱ्या कोणासाठीही त्याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही. आर्केगॉस हे एका कुटुंबाच्या पैशाचं गुंतवणूक कार्यालय, मोजक्याच शेअरांवर स्वॅपद्वारे, म्हणजे शेअर स्वतः न घेता त्यांच्या चढउताराचे बँकेशी करार करून, प्रचंड पैज लावणारं. स्वॅपवरचं मार्जिन, म्हणजे ग्राहकाने बँकेकडे ठेवायचं तारण, २०१९ मध्ये सरासरी ७.५ टक्क्यांवर आणलं गेलं. जोखमीची मर्यादा २ कोटी डॉलर ठरली होती. एप्रिल २०२० मध्ये जोखीम तिच्या दहापट झाली. धोक्याची नोंद होत होती, समित्यांसमोर विषय येत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये जास्त मार्जिन मागणारा प्रस्ताव तयार झाला. ग्राहकाने चालढकल केली. आणि ११ ते १९ मार्च या नऊ दिवसांत, प्रस्तावाला उत्तर आलेलं नसताना, बँकेने त्याच ग्राहकाला मार्जिनचे २.४ अब्ज डॉलर परत दिले. काही दिवसांत आर्केगॉस कोसळलं. बँकेचा तोटा सुमारे ५.५ अब्ज डॉलर. या ग्राहकाकडून २०२० सालात मिळालेलं उत्पन्न पावणेदोन कोटी डॉलर.

ते २.४ अब्ज कोणी दिले? कोणाची सही? कोणाला विचारलं? अहवालाला यात लबाडी आढळली नाही. गुंतवणूक बँकिंग विभागातलं व्यवस्थापन आणि नियंत्रण मुळातच ढासळलेलं आढळलं. माझ्या मते हे लबाडीपेक्षा जास्त भीतीदायक आहे. लबाड माणूस हाकलता येतो. मर्यादा दहापट ओलांडलेली सगळ्यांना दिसते आणि तरी कोणी हात धरत नाही, या सवयीला कोणाला हाकलणार?

त्याच मार्च २०२१ मध्ये ग्रीनसिल या वित्तपुरवठा कंपनीच्या प्रकरणात ग्राहकांचे सुमारे १० अब्ज डॉलर अडकले. एप्रिलच्या वार्षिक सभेआधी संचालक मंडळाच्या जोखीम समितीच्या अध्यक्षांनी फेरनिवडीतून माघार घेतली. उर्स रोनर दहा वर्षांनी अध्यक्षपदावरून गेले, अँटोनियो होर्टा-ओसोरिओ आले. कोविडच्या विलगीकरणाचे नियम मोडल्यावरून जानेवारी २०२२ मध्ये तेही गेले, अॅक्सेल लेहमान आले. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये तिजान थियाम गेले आणि थॉमस गॉटस्टाइन आले, ऑगस्ट २०२२ मध्ये उलरिख कोर्नर आले. अहवालात प्रत्येकाच्या नावापुढे छान परिचय आहे. तू एका कागदावर तारखा मांड आणि बघ, जोखीम सुधारण्याच्या योजनेवर दोन वर्षं सलग एकच माणूस उत्तरदायी होता का.

भागधारक गप्प होते असं मात्र समजू नकोस. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१३ च्या जनमतात सुमारे ६८ टक्के लोकांनी मागणी उचलून धरल्यामुळे भागधारकांना मोठ्या पगारांवर बंधनकारक मत आणि संचालकांची दरवर्षी निवड हे हक्क मिळाले. तिथे आणखी एक जुना रिवाज आहे : सभेत संचालकांना त्या वर्षाच्या कारभाराच्या जबाबदारीतून मुक्त करण्याचा ठराव. एरवी तो टाळ्यांत पास होतो. २९ एप्रिल २०२२ ला क्रेडिट स्वीसच्या सुमारे ६० टक्के मतांनी २०२० सालासाठी तो नाकारला. मोठ्या बँकेच्या मालकांनी यापेक्षा स्पष्ट भाषेत काय बोलायचं? पण त्याच सभेत ग्रीनसिलची विशेष तपासणी करण्याची मागणी फेटाळली गेली. राग नोंदवला, तपास टाळला. कारभाराचं प्रकरण वाचताना मतदानाचे निकाल शोधायचे ते अशासाठी.

आणि नियामक? फिन्माने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःच हिशोब मांडला : २०१८ ते २०२२ या काळात क्रेडिट स्वीसमध्ये १०८ प्रत्यक्ष तपासण्या, सुधारणेचे ३८२ मुद्दे, त्यातल्या ११३ मुद्द्यांत जोखीम मोठी किंवा गंभीर. माहिती सगळ्यांकडे होती. तोट्याच्या वर्षांतही बोनसची रक्कम मोठीच राहिली, हेही फिन्माने लिहिलंय.

आता परत मार्च २०२३ कडे. अहवालाच्या दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, क्रेडिट स्वीसची मोठी भागधारक असलेल्या सौदी नॅशनल बँकेच्या अध्यक्षांनी आणखी पैसे घालणार का या प्रश्नावर साफ नाही म्हटलं. त्या बँकेकडे जवळपास १० टक्के हिस्सा होता आणि त्याच्या वर गेलं की नियामकाची बंधनं लागू होतात. नवं काहीच नव्हतं. तरी शेअर दिवसभरात ३० टक्क्यांपर्यंत पडला. स्विस नॅशनल बँकेकडून, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडून, ५० अब्ज फ्रँकांपर्यंत आधार घेण्याचं जाहीर झालं, तेही पुरलं नाही. १९ मार्चला रविवारी यूबीएसने ३ अब्ज फ्रँकांना बँक घेतली. १८५६ मध्ये आल्फ्रेड एशरने रेल्वेसाठी पैसा उभा करायला काढलेली ही बँक. १६७ वर्षं.

एटी-१ रोख्यांबद्दल, म्हणजे बँक अडचणीत आली की शून्य करता येणाऱ्या रोख्यांबद्दल, तू एकच ओळ लिहिलीस, ती वाढव. सुमारे १६ अब्ज फ्रँकांचे हे रोखे शून्य झाले आणि भागधारकांना मात्र थोडं का होईना मिळालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्विस संघीय प्रशासकीय न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली, फिन्माने त्यावर अपील केलं. आपल्याला हे नवं नाही. मार्च २०२० मध्ये यस बँकेचे ८,४१५ कोटींचे असेच रोखे शून्य झाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मुदत ठेवीसारखे सुरक्षित आहेत असं सांगून गळ्यात मारलेले हे रोखे घेतलेल्या निवृत्त माणसांची मला अजून काळजी वाटते. रोख्याच्या अटी वाचायला शिकशील तर एखाद्याला वेळेत सांगू शकशील.

खराडीत क्रेडिट स्वीसचं मोठं काम चालायचं, तुझ्या ओळखीतलं कोणी ना कोणी तिथे असेलच. तिथली मुलंमुली हुशार होती आणि मेहनतीही. झुरिकमधल्या मंडळाने काय ऐकलं नाही याचा परिणाम पुण्यातल्या घरांपर्यंत आला. उद्या तूही एखाद्या बँकेच्या अहवालातला एखादा तक्ता भरशील, आणि एखादी मर्यादा ओलांडलेली तुला दिसेल. ती लेखी कळव, तारखेसकट, आणि उत्तर आलं नाही तर वरच्याला कळव. हे करताना एकटं वाटेल. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

आता काम. क्रेडिट स्वीसचे २०१९ ते २०२२ चे चारही अहवाल काढ. प्रत्येकातून चारच गोष्टी घे : अंतर्गत नियंत्रणावर व्यवस्थापनाचं आणि ऑडिटरचं मत, जोखीम समितीचा अध्यक्ष कोण, बोनसची एकूण रक्कम, आणि ग्राहकांच्या ठेवी. एका पानावर शेजारी शेजारी लिही. २०२० मध्ये ऑडिटर बदलून केपीएमजीच्या जागी पीडब्ल्यूसी आले, त्याचीही नोंद कर. मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतः लिही, दोन परिच्छेदांत, आणि रविवारपर्यंत मला पाठव. चुका असतील तर बसून काढू.

तुझी,
मॅडम