घोडा आधी, स्वार मागाहून

चित्रकाराला विचारा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं शिवजयंतीच्या तयारीतली आहेत. बेळगावात वैशाखात चित्ररथ निघतात, तेव्हा त्याच्या आधी दोन-तीन महिने गल्लोगल्ली पडदे ताणलेले असतात आणि रंगाचे डबे उघडलेले असतात. मी स्वतः ब्रश धरायला तिथंच शिकलो, त्यामुळे पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे.

*प्रश्न : आमचं मंडळ यंदा नेसरीचा प्रसंग करणार आहे. मागचा पडदा वीस फूट लांब आहे. कच्चं चित्र काढून झालं, पण सातही घोडे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. काय करावं?*
*– एक कार्यकर्ता, शहापूर, बेळगाव*

रंग लावायच्या आधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत. आता घोडे बाजूला ठेवा आणि आधी प्रसंग समजून घ्या. 1673 मध्ये उमराणीला मराठ्यांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर यांनी विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार बहलोलखान याला कोंडीत धरलं आणि तो गयावया करू लागल्यावर सोडून दिलं. खान पुन्हा उलटला. महाराजांचे कडक शब्द सरनोबतांच्या जिव्हारी लागले आणि 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीच्या खिंडीत ते खानाच्या फौजेवर तुटून पडले. त्या काळच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात ही बातमी आली आहे. दोन टेकड्यांमधली अरुंद वाट, प्रतापराव, सोबत सहा स्वार, आणि मागची फौज बरोबर नाही, एवढंच त्यात आहे. चित्रकाराला एवढं पुरतं.

वाट अरुंद आहे म्हटल्यावर सात घोडे परेडसारखे एका ओळीत धावणार नाहीत. ते पुढे-मागे होतील, एकमेकांना झाकतील. एकाचं नुसतं डोकं दिसेल, एकाचा फक्त पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, आणि शेपटी. तुमच्या कच्च्या चित्रात सातही घोडे बाजूने, डावीकडून उजवीकडे धावताहेत, आणि साच्याचा दोष तिथंच आहे. वीस फुटांचा पडदा भरायचा म्हणून घोडे पसरू नका. घोडे दाटीनं एका बाजूला घ्या, उरलेली जागा खिंडीला आणि समोरच्या फौजेच्या गर्दीला द्या. सात माणसं किती थोडी होती, हे त्या मोकळ्या जागेशिवाय कळणार नाही.

जमत असेल तर पुढचे दोन घोडे थेट बघणाऱ्याच्या अंगावर येणारे काढा. एलिझाबेथ बटलर या इंग्रज चित्रकर्तीने 1881 मध्ये वॉटर्लूच्या लढाईतल्या घोडदळाचं चित्र असंच समोरून काढलं. तिने प्रत्यक्ष युद्ध कधी पाहिलं नव्हतं, पण सरावात दौडत येणाऱ्या घोड्यांसमोर उभं राहून तिने ते पाहून ठेवले होते. समोरून घोडा काढणं अवघड आहे, कारण सगळं धड छातीमागे दडतं. पण तो एकदा साधला की रस्त्याकडेला उभा माणूस आपोआप एक पाऊल मागे सरतो.

आता घोडे वेगळे कसे करायचे. दख्खनचा भीमथडी घोडा उंचीला बेताचा, अंगाने काटक, पायाला पक्का. अरबी घोडा बंदरातून यायचा, महाग पडायचा, तो सरदारांकडे. मी सरनोबतांना उंच अरबी घोडा देईन आणि मागच्यांत निदान चार भीमथडी ठेवीन. लहान घोड्यावर धिप्पाड स्वार बसला की त्याची पावलं घोड्याच्या पोटाखाली लोंबतात. हल्ली रेसच्या घोड्यांचे फोटो बघून मावळ्यांखाली लांब पायांचे विलायती घोडे काढले जातात, ते मला फार खुपतं. रंगही वाटून घ्या : एक कुमैत (तांबूस तपकिरी), एक अबलख (पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा), एक पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडाचा पुढचा भाग पांढरा), एखादा काळा. काळा रंगवताना नुसता काळा रंग फासू नका. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी रंगात) अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून गडद छटा करा, म्हणजे पाठीवर आभाळाचा निळा उजेड घेता येतो. आणि सगळेच घोडे सारख्या तयारीचे नकोत. सरनोबत रागाच्या भरात पुढे निघाले, बाकीचे त्यांना गाठायला धावले. मागचा एखादा अजून रिकिबीत पाय शोधतोय, एकाचा शेला सुटलाय, असं दाखवा. लगाम खेचला गेला की घोड्याचं तोंड उघडतं, मान वर जाते, कान मागे पडतात. मोकळा सोडला की मान लांब होते. एवढ्या फरकानेच सात घोड्यांचे सात स्वभाव होतात.

पोशाखात एक खबरदारी घ्या. पेशवाईतली चक्रीदार पगडी पुढच्या शतकातली, ती इथं चालणार नाही. साधं आवळून बांधलेलं पागोटं, अंगरखा, कमरेला शेला. सरनोबतांच्या हातात सरळ पात्याची तलवार, धोप, मागच्यांकडे भाले. घोड्यावर खोगीर, ते जागेवर धरणारे पट्टे म्हणजे छातीला पेशबंद आणि शेपटीखाली दुमची. इंग्रजी जीन नको.

शेवटचं म्हणजे चेहरे. त्या सहा जणांची नावं आज फलकांवर वाचायला मिळतात, पण मी सांगितलेल्या इंग्रजी पत्रात ती नाहीत. म्हणून त्यांना मी ओळखू येतील असे नटांसारखे चेहरे देणार नाही. एकाचं तोंड वळलेलं, एकाचं भाल्याच्या हाताआड, दोघांचं धुळीत. आपल्याला जे ठाऊक नाही त्यावर धूळ घालावी, हा प्रामाणिक मार्ग आहे. फक्त ती त्या जागेची धूळ असू द्या. नेसरी इथून जवळ आहे. माघ-फाल्गुनात एकदा सकाळी जाऊन या, वाळल्या गवताचा पिवळा आणि मातीचा तांबूस रंग डोळ्यांनी बघा आणि तोच डब्यात कालवा.

*प्रश्न : जुन्या चित्रांत धावणाऱ्या घोड्याचे पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेले असतात. मुलांना शिकवताना तसंच दाखवावं का?*
*– एक चित्रकला शिक्षक, खानापूर*

नको, गुरुजी. भरधाव घोडा चारही पाय असे ताणून हवेत कधीच नसतो. तो हवेत असतो तो पाय पोटाखाली गोळा झाल्यावर. हे डोळ्याला दिसत नाही, इतकं ते झटकन होतं. म्हणूनच फ्रान्सच्या जेरिकोसारख्या घोड्यावर जीव टाकणाऱ्या चित्रकारानेही 1821 मध्ये एप्समच्या शर्यतीतले घोडे पाय ताणून उडतानाच काढले. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोडीचे फोटो घेतले, तेव्हा कुठे वाद मिटला. फ्रान्सच्याच मेसोनिए या चित्रकाराने तर आपल्या आवारात रूळ टाकले होते. त्यावरच्या गाडीत बसून तो शेजारून दौडणाऱ्या घोड्याचं निरीक्षण करायचा. नेपोलियनचं घोडदळ रंगवणारा हा माणूस वयाच्या साठीनंतर मायब्रिजचे फोटो बघून आपली घोड्यांची समजूत दुरुस्त करत होता. मला त्याची चित्रं आवडतात, त्याहून त्याचा हा गुण आवडतो.

मुलांना मात्र फोटोवर थांबवू नका. चिकोडी, अथणी भागात जत्रेला घोडागाडीच्या शर्यती होतात, तिकडे घेऊन जा. गाडीचा घोडा दुडकीत असतो, तेव्हा पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम उचलला जातो, मग दुसरी जोडी. मुलांना नुसता आवाज ऐकू द्या. दुडकीत दोन टापा वाजतात, चौखूर सुटला की चार. ज्याला ताल कळला त्याचे पाय चुकत नाहीत.

*प्रश्न : महाराजांचा घोडा नेहमी पांढराच का काढतात?*
*– एक वाचक, निपाणी*

गडद झाडी, गडद डोंगर आणि गर्दी यांतून पांढऱ्या घोड्यावरची आकृती लांबूनही उठून दिसते. चित्रकाराची ही सोय आहे आणि लोकांच्या डोळ्याला ती सवयीची झाली. महाराज घोड्यावर कसे दिसत, हे बघायचं तर मीर महंमद या चित्रकाराचं चित्र शोधून बघा. इटालियन प्रवासी मनुचीने ते आपल्या संग्रहासाठी काढून घेतलं आणि आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. बरोबर चालणारी माणसं, शस्त्रं धरायची पद्धत, खोगिराची घडण, सगळं त्या काळातल्या माणसाच्या नजरेतून आलेलं आहे. माझ्या टेबलावर त्याची छापील प्रत कायम असते.

*प्रश्न : पावसाळ्यात तैलरंग वाळत नाहीत आणि कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. उपाय?*
*– खानापूर तालुका*

जून ते सप्टेंबर जाड थर देऊ नका. अंबर आणि सिएना हे मातीचे रंग लवकर वाळतात, पावसाळ्यात खालचं काम त्यांत करा. लाल आणि काळे दिवाळीपर्यंत थांबू द्या. चित्र भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे वारा खेळू द्या.

*प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. घरात एकच फोटो आहे, तोही स्टुडिओत खुर्चीवर बसलेला, आणि एक डबीत पदकं. त्यावरून लढाईतलं चित्र होईल का?*
*– एक वाचक, हिंडलगा*

होईल, ताई, आणि व्हायलाच हवं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून आपल्या बेळगावात आहे, पण इथल्या दिवाणखान्यांत त्या जवानांची चित्रं फार थोडी दिसतात.

आधी डबी उघडा आणि पदकांच्या फिती उजेडात बघा. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशा उभ्या पट्ट्या असतील तर ते इटली स्टार, म्हणजे आजोबा त्या मोहिमेत खरोखर होते. गडद निळा, लाल, फिकट निळा अशी फीत असेल तर ते 1939-45 स्टार. मग डिस्चार्ज बुक शोधा. त्यात पलटणीचा क्रमांक मिळेल. क्रमांक मिळाला की पलटण कोणत्या महिन्यात कुठल्या नदीकाठी होती ते लष्करी इतिहासात सापडतं, आणि त्यावर चित्रातलं हवामान, गवत, चिखल, अंगावरचे कपडे सगळं ठरतं. जुलैतला जवान उन्हात खाकीत असेल, डिसेंबरातला जाड लोकरी बॅटलड्रेसमध्ये, म्हणजे लढाईच्या गणवेशात. एकाच माणसाची ही दोन वेगळी चित्रं आहेत.

एक विनंती आहे. आजोबांना संगीन उगारून ओरडताना काढा, असं चित्रकाराला सांगू नका. नाईक यशवंत घाडगे यांचं उदाहरण घ्या. 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, ते एकटे उरले. त्यांनी धावत जाऊन हातबॉम्बने ती गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तुटून पडले. मग त्यांना गोळ्या लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा प्रसंग मला रंगवायचा आहे, आणि मी जो क्षण धरला आहे तो हाणामारीचा नाही. मागचे सगळे पडलेत हे त्यांना कळलंय आणि पहिलं पाऊल उचललं जातंय, तो क्षण. ठरवण्याचा क्षण चेहऱ्यावर दिसतो, मारण्याच्या क्षणी चेहरा उरत नाही.

तुमच्या फोटोतले आजोबा खुर्चीवर बसलेत, म्हणून काही बिघडत नाही. हातांकडे नीट बघा. शेतकऱ्याचे हात फोटोग्राफरने मांडीवर ठेवायला लावले तरी लपत नाहीत, बोटं अर्धवट वळलेलीच राहतात. तेच हात रायफलवर काढायला चित्रकाराला सांगा. चेहरा फोटोवरून घ्यावा, आणि बांधा घरातल्या त्याच वळणाच्या नातवाला बसवून. फोटो चित्रकाराकडे देताना मूळ देऊ नका, स्कॅन करून द्या.

*प्रश्न : मुलगा दहावीला आहे. वहीभर घोडेच काढतो. नातेवाईक म्हणतात, यात पोट भरत नाही. आम्ही काय करावं?*
*– एक आई, संकेश्वर*

ताई, त्याच्या वह्या टाकू नका. दहावी नीट होऊ द्या. त्याबरोबर आपल्याकडची ड्रॉइंगची लोअर आणि हायर ग्रेडची परीक्षा त्याला देऊ द्या, पुढे कला महाविद्यालयात जायचं तर उपयोगी पडेल. पोटाचं म्हणाल तर नुसत्या युद्धचित्रांवर सुरुवातीची वर्षं निघत नाहीत, हे खरं आहे. मी पुस्तकांची मुखपृष्ठं केली, देवळांत काम केलं, मंडळांचे पडदे केले. पण या गावाने चित्रकार घडवलेत. के. बी. कुलकर्णी सरांनी बेळगावात राहून शिकवलं, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

मुलाला माझा निरोप द्या. स्वार काढणं सहा महिने बंद. फक्त घोडा, तोही उभा. डोक्याची लांबी हे माप धर. खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सुमारे अडीच डोकी, जमिनीपासून खांद्यापर्यंतही तेवढीच. पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतात ते आपलं मनगट आहे, आणि मागच्या पायाचा मागे वळलेला कोपरा म्हणजे आपली टाच. हे कळलं की पाय उलटे वाकवायची चूक होत नाही. जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची चामडी सोलून एकेक स्नायू काढला आणि 1766 मध्ये त्याचं पुस्तक छापलं. त्यातल्या आकृत्या आज सहज बघायला मिळतात, त्या वहीत उतरवून काढ. आणि जवळपास कुणाकडे शर्यतीचा घोडा असेल तर त्याला खरारा करायचं काम माग. हात फिरवलेला घोडा कागदावर वेगळा उतरतो. वही भरली की मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी बघून परत करीन.